'माझी आगबोट कंपनी': तीन बुडालेल्या बोटी आणि 'जवळच्या प्रवासा'ची सूट

१.
१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला अवघे २९ दिवस उरले होते. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची प्रवासी आगबोट रेवसकडे निघाली. प्रवास जेमतेम तास-दीड तासाचा. नऊ वाजण्याच्या आसपास ती उलटली आणि काही मिनिटांत समुद्रात नाहीशी झाली. मुंबई शहराला ही बातमी कळली ती मात्र दुपार उलटून गेल्यावर. मुंबईच्या दारात बुडालेल्या बोटीची वार्ता मुंबईला कळायला इतका वेळ का लागला? आजचा धागा या एका प्रश्नाविषयी आहे.

२.
उत्तरासाठी आधी ही बोट ज्या कंपनीची होती, त्या कंपनीकडे पाहावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. शेफर्ड कंपनी आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही नावे त्या काळी घरोघर ठाऊक होती. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी असा तो जलमार्ग. घाटाचा रस्ता खडतर, रेल्वेचे नाव नाही. कोकणी माणसाला मुंबई गाठायची ती आगबोटीनेच.

३.
या बोटींनीच गिरगाव, परळ, लालबाग भरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. गिरणीत साचा चालवणारा, गोदीत ओझी उचलणारा, पेढीवर कारकुनी करणारा चाकरमानी याच मार्गाने आला. दहा-पंधरा गाववाल्यांनी मिळून एक खोली घ्यावी, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपावे, खानावळीत जेवावे आणि गणपती, शिमगा किंवा लग्नसराई आली की ट्रंक उचलून धक्का गाठावा, असा तो जीवनक्रम होता. मनीऑर्डर पोस्टाने जाई, माणूस बोटीने जाई.

४.
प्रवास सुखाचा मुळीच नव्हता. बहुतेक बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू, बोचकी, पोरेबाळे पडावातून तिच्यापर्यंत नेली जात. हेलकावणाऱ्या पडावातून हेलकावणाऱ्या बोटीवर चढणे हीच एक कसरत. बहुसंख्य प्रवासी डेकवर, उघड्यावर, सामानाच्या आधाराने बसलेले. 'बोट लागणे' हा वाक्प्रचार त्याच अनुभवातून आला. बोटी गेल्या, पण एस.टी.त मळमळणाऱ्या पोराला 'गाडी लागते' असे आपण अजूनही म्हणतो.

५.
अशा परिस्थितीत स्वदेशीचे वारे वाहू लागले. तिकडे तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून ब्रिटिश कंपनीला आव्हान दिले. १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि १९११ मध्ये ती कंपनी मोडीत निघाली. आपल्या किनाऱ्यावर याच प्रेरणेतून उभी राहिली ती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. मालक आपले, पैसा आपला, बोटींची नावेही आपली. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणू लागले.

६.
या नावातील 'माझी' हा शब्द नीट लक्षात ठेवावा. भाड्याच्या बोटीवर डेकचा उतारू म्हणजे माल समजला जाई. 'माझ्या' कंपनीच्या बोटीवर 'तुकाराम' हे नाव रंगवलेले असे. वारीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला त्या नावाचाच केवढा आधार वाटला असेल! परंतु इतिहासकाराला येथे एक कटू प्रश्न विचारावा लागतो. कंपनी आपली असणे आणि कंपनीची बोट सुरक्षित असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

७.
या प्रश्नाची पार्श्वभूमी जुनी आहे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे येताना वादळात सापडली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. तीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली. अवशेष शोधूनही सापडले नाहीत. चौकशीत बोटीवरील जीवनौका आणि जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे निघाले. गुजरातीत तिच्यावर लोकगीते झाली. बोटीवर विजेची रोषणाई होती, पण जीव वाचवण्याची साधने पुरेशी नव्हती.

८.
आता 'माझ्या आगबोट कंपनी'ची पाळी. ११ नोव्हेंबर १९२७. पावसाळा संपलेला, समुद्र 'उघडलेला'. त्या दिवशीच्या वादळात कंपनीच्या दोन बोटी, 'तुकाराम' आणि 'जयंती', एकाच दिवशी बुडाल्या. 'तुकाराम'वरील काही प्रवासी वाचले. 'जयंती'वरील एकही माणूस परत आला नाही. एकाच प्रादेशिक कंपनीच्या दोन बोटी एकाच दिवशी जाणे ही घटना जगाच्या सागरी इतिहासातही विरळाच म्हणावी लागेल.

९.
येथे तारखा पाहण्यासारख्या आहेत. १८८८ ची दुर्घटना नोव्हेंबरातील, १९२७ चीही नोव्हेंबरातील. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की समुद्र शांत होतो, ही आपली पारंपरिक समजूत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपुरती खरी आहे, नोव्हेंबरातील वादळांपुरती नाही. 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले ती तारीखही ११ नोव्हेंबरच होती, साल २००९.

१०.
त्या काळी वादळाची सूचना मिळतच नव्हती काय? मिळत होती. कलकत्त्याच्या बंदरात वादळसूचनेची पद्धत १८६५ मध्ये सुरू झाली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. बंदरावर दिवसा बावटे आणि रात्री दिवे चढवून इशारा दिला जाई. पण बावटा दिसतो तो बंदरात उभ्या असलेल्या बोटीला. एकदा बोट समुद्रात गेली आणि तीवर बिनतारी यंत्र नसले, तर किनाऱ्याला धोका कळलेला असूनही बोटीला तो कळवण्याचा मार्ग उरत नाही. बोटीला मदत मागण्याचाही मार्ग उरत नाही.

११.
बिनतारी यंत्राचे महत्त्व जगाला १९१२ मध्ये 'टायटॅनिक'ने शिकवले. त्या रात्री सातशेच्या वर माणसे वाचली ती संदेश ऐकून 'कार्पेथिया' धावली म्हणून. २० जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये समुद्रावरील जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि बिनतारी यंत्राची सक्ती त्यात आली. महायुद्धामुळे तो अमलात येऊ शकला नाही. दुसरा करार १९२९ मध्ये झाला. परंतु हे करार होते आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी. देशाच्या किनाऱ्यालगत धावणारी लहान बोट त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

१२.
आणखी एक गोष्ट. पूर्वेकडील समुद्रांत डेकवर शेकडो माणसे घेऊन जाणाऱ्या बोटी पाश्चात्त्य नियमांत बसेनात, तेव्हा १९३१ मध्ये 'शिमला नियम' करण्यात आले. यात्रेकरू आणि डेकचे उतारू वाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गांवरील बोटींना मूळ करारातून त्यांनी काही सवलती दिल्या. हे नियम कोकणच्या बोटींसाठी नव्हते. तरी त्यांमागील विचार ओळखीचा आहे. सुरक्षेचे माप प्रवाशाच्या जिवावरून न ठरता तिकिटाच्या वर्गावरून आणि प्रवासाच्या अंतरावरून ठरावे, असा तो विचार.

१३.
१९३६ मध्ये 'रामदास' बांधली गेली, तीही इंग्लंडमधील नामांकित स्वॉन हंटर कारखान्यात. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, वजनमाप ४०६ टन. क्षमता हजाराच्या आसपास उतारूंची. म्हणजे बोट जुनाट नव्हती, मोडकळीस आलेली नव्हती. १९४७ मध्ये ती ११ वर्षांची होती. मात्र तीवर बिनतारी यंत्र नव्हते. १९२७ मध्ये दोन बोटी गमावलेल्या कंपनीची ही बोट होती, हे ध्यानात घ्यावे.

१४.
कोकणची लांब पल्ल्याची वाहतूक पावसाळ्यात बंद असे, कारण उघड्या समुद्रातील बंदरांत उतारू चढवणे-उतरवणे अशक्य होई. रेवसची फेरी मात्र चालू राही. का? कारण अंतर थोडे, समोरच रायगडचा किनारा, मुंबई बंदराच्या तोंडाशीच सगळा प्रवास. 'हे काय, पलीकडेच तर जायचे!' या एका वाक्यात तिची सगळी सुरक्षाव्यवस्था सामावलेली होती.

१५.
त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. गटारीसाठी घरी निघालेले चाकरमानी, बायकामुले, मुंबईत मासळी विकून परतणाऱ्या बाया, व्यापारी अशी सातशेहून अधिक माणसे बोटीवर होती. त्यांतील कितीतरी गिरगाव आणि परळ भागांतील. वाटेत पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ बोटीवर लाटा आदळू लागल्या. भिजू नये म्हणून आणि भयापोटी उतारू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावले. त्याच वेळी मोठी लाट आली. बोट कलली ती पुन्हा सावरली नाही.

१६.
हजार माणसांची क्षमता असलेली बोट सातशे माणसांनी कशी उलटते, असा प्रश्न अनेकांना पडतो. बोट उलटते ती केवळ वजनामुळे नव्हे, तर वजनाच्या जागेमुळे. बोट कलली की बुडालेल्या बाजूचे पाणी तिला वर ढकलून पुन्हा सरळ करते. माणसे वरच्या डेकवर असली की गुरुत्वमध्य उंच जातो. ती सगळी एका बाजूला सरकली की पाण्याच्या या सावरण्याच्या शक्तीवर मात होते. २४ जुलै १९१५ रोजी शिकागोत 'ईस्टलँड' ही बोट धक्क्याला बांधलेली असतानाच उतारूंसह कलंडली आणि ८४४ माणसे गेली. तेथे ना वादळ होते, ना खडक.

१७.
पावसापासून संरक्षण म्हणून बाजूंना बांधलेली ताडपत्रीही घातक ठरली. बोट कलल्यावर तिच्याखाली अडकलेल्यांना बाहेर पडता येईना. ज्यांना पोहता येत होते, त्यांच्याही अंगाला बुडणाऱ्यांची मिठी पडली. बोटीवर मदतीची हाक देणारे यंत्र नव्हते, म्हणून धक्क्यावर कोणालाच काही कळले नाही. बोट पलीकडे पोहोचली असेल, असे मुंबईने गृहीत धरले. पोहोचली नाही म्हणजे पावसामुळे उशीर झाला असेल, असे रेवसने गृहीत धरले असावे.

१८.
मदत आली ती सरकारकडून नव्हे, कंपनीकडूनही नव्हे. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांच्या होड्या तेथे पोहोचल्या. त्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात फेकून दिली आणि माणसे वर ओढली. त्या मासळीवर त्या घरांची चूल अवलंबून होती. शहराला बातमी दिली तीही एका लहान मुलाने, तरंगत किनाऱ्याला लागून. तेव्हा कुठे बोटी बाहेर काढण्यात आल्या. तोवर समुद्रात वाचवण्यासारखे फारसे कोणी उरले नव्हते.

१९.
वाचले ते २३२. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे सहाशेहून अधिक असा सांगितला जातो. पण बोटीवरील माणसांच्या नोंदीतून वाचलेल्यांची वजाबाकी केली, तर तो त्याहून कमी येतो. ही तफावतच खूप काही सांगून जाते. तिकिटे मोजली गेली होती, माणसे मोजली गेली नव्हती. विनातिकीट उतारू होते, उपाहारगृहातील पोरे होती, काखेतील मुले होती. बुडाल्यावर कोण गेले हे कळण्यासाठी बोट सुटण्यापूर्वी कोण चढले हे लिहून ठेवावे लागते. 'पलीकडेच' जाणाऱ्यांची नावे कोण लिहिणार?

२०.
दुर्घटनेनंतर चौकशी झाली. प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्र आणि पावसाळ्यातील फेऱ्यांवर निर्बंध हे विषय पुढे आले. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने स्वतंत्र भारताची स्वतःची नियमव्यवस्था उभी राहिली. परंतु ऑगस्ट १९४७ च्या आनंदात आणि फाळणीच्या रक्तपातात 'रामदास' राष्ट्रीय स्मृतीत फार काळ टिकली नाही. ती टिकली चाळींत, अलिबाग आणि उरणच्या गावांत, आणि आषाढी अमावास्या आली की गप्प होणाऱ्या घरांत.

२१.
पुढची कथा थोडक्यात. कंपनी काळाच्या पडद्याआड गेली. कोकणची वाहतूक १९६० च्या दशकात चौगुले यांच्याकडे आणि नंतर सरकारी मोगल लाइनकडे आली. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे आजही पन्नाशी ओलांडलेल्यांच्या तोंडी आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा थांबली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि आगबोट आठवणीत जमा झाली.

२२.
बंदरातील छोटे प्रवास मात्र थांबले नाहीत. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली. जवळच असलेल्या पोलिसांच्या गस्ती बोटीने सर्व ८८ प्रवाशांना वाचवले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. दोष धडकेचा होता हे खरे. पण ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढीच परवानगी असलेल्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. गेटवेवर प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती झाली ती त्यानंतर.

२३.
१८८८ नंतर जीवनौकांची चर्चा, १९४७ नंतर बिनतारी यंत्राची, २०२४ नंतर जाकिटांची. प्रत्येक नियमाच्या आधी एक बोट बुडालेली आहे. या सर्व घटनांत एक समान धागा आहे. सूट मिळाली ती नेहमी 'जवळच्या' प्रवासाला आणि स्वस्त तिकिटाला. महासागर ओलांडणाऱ्या श्रीमंत प्रवाशासाठी जो नियम १९१४ मध्ये लिहिला गेला, तो रेवसला जाणाऱ्या गिरणी कामगाराच्या वाट्याला १९४७ मध्येही आलेला नव्हता.

२४.
'माझी आगबोट कंपनी' ही फसवणूक नव्हती. परक्या मक्तेदारीविरुद्ध सामान्य माणसांनी उभे केलेले ते खरे साहस होते आणि त्याबद्दलचा अभिमान रास्त आहे. पण अभिमानाने बोट तरत नाही. आपल्या माणसाने चालवलेल्या बोटीलाही यंत्र किती, जाकिटे किती, माणसे किती, हे विचारावेच लागते. किंबहुना ती आपली असेल, तर अधिक मोकळेपणाने विचारता आले पाहिजे.

२५.
पुढच्या वेळी गेटवेवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढाल, तेव्हा उकडत असले तरी जाकिटाचे बंद नीट आवळा. हाती आलेले जाकीट फाटके असेल, तर बदलून मागा. 'अहो, पलीकडेच तर जायचे आहे,' असे कोणी म्हणेलच. 'रामदास'ही पलीकडेच चालली होती.

आपल्या घरात 'रामदास', 'तुकाराम' किंवा 'जयंती'विषयी काही आठवणी जपल्या गेल्या असतील, तर खाली अवश्य लिहाव्यात. बोटीवर चढलेल्यांची यादी तेव्हा कोणी केली नाही. निदान आठवणींची यादी तरी आपल्याला करता येईल.

(धागा समाप्त)